केप मेचं आकाश : बंदुकीपासून वहीपर्यंत

ऑक्टोबरमध्ये वायव्येचा गार वारा सुटला की न्यू जर्सीतल्या आपल्या घरांत दोन कामं निघतात. एक, हीटर नीट चालतोय का ते बघायचं. दुसरं, फराळाची यादी करायची. चकलीची भाजणी यंदा कोण भारतातून आणणार, अनारशांचा घाट घालायचा की नाही, अशा चर्चा सुरू होतात. त्याच वाऱ्यावर आपल्या डोक्यावरून हजारो पक्षी दक्षिणेकडे निघालेले असतात. त्यातले बरेचसे रात्री उडतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. जे दिवसा उडतात ते आपण वर बघत नाही म्हणून दिसत नाहीत.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही मंडळातले चौदा जण तीन दिवस केप मेला गेलो होतो. सोबत एक अनुभवी वाटाडी घेतली होती, शाळेतून निवृत्त झालेली एक बाई. पक्षी तर पाहिलेच. पण परत येताना माझ्या डोक्यात पक्ष्यांपेक्षा त्या जागेचा इतिहास जास्त घोळत होता. तो तुम्हाला सांगावा म्हणून हा लेख. तुमच्यापैकी अनेकजण गार्डन स्टेट पार्कवेवरून रोज कामाला जात असाल. तो रस्ता दक्षिणेला जिथे संपतो, तिथली ही गोष्ट आहे.

जागा अशी का?

नकाशा समोर घ्या. न्यू जर्सीचं दक्षिणेचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला डेलावेअरचा उपसागर. टोकाशी उभं राहिलं की समोर कित्येक मैल पाणी आणि पलीकडे डेलावेअर राज्य. १९६४ पासून इथून पलीकडच्या लुईस गावाला फेरी जाते.

उत्तरेकडचा थंड हवेचा पट्टा पुढे सरकला की वायव्येचे वारे पक्ष्यांना समुद्राच्या बाजूला ढकलतात. किनारा लागला की ते किनाऱ्याच्या कडेने दक्षिणेला येतात आणि नरसाळ्याच्या तोंडाशी गोळा होतात. समोर एवढं पाणी पाहून पुष्कळ पक्षी बिचकतात. काही धाडस करून थेट पलीकडे जातात, काही मागे फिरून उपसागराच्या काठाने अरुंद जागा शोधतात, काही झाडीत उतरून पोट भरतात. शिकारी पक्ष्यांमध्ये इथे येणारे बहुतेक त्याच उन्हाळ्यात जन्मलेले असतात. पहिलाच प्रवास, वाट ठाऊक नाही, वारा नेईल तिकडे जायचं. आमची वाटाडी म्हणाली, ‘हे सगळे पहिल्या सेमिस्टरचे विद्यार्थी.’ ते ऐकून आमच्यातले विद्यार्थी व्हिसावर आलेले तिघे एकदम हसले.

आता इथे एक मोह होतो. पक्षी स्थलांतरित, आपणही स्थलांतरित, आपण सारे एकच, असं म्हणून लेख संपवण्याचा. मी तसं करणार नाही. पक्ष्याला व्हिसा लागत नाही, तो वसंतात परत जातो आणि त्याची मुलं त्याला ‘आपण मुळात कुठले?’ असं विचारत नाहीत. केप मेच्या इतिहासात आपल्यासाठी जे आहे ते या गोड तुलनेपेक्षा जरा कडू आहे.

एका पक्ष्याचं नाव

हे भूशिर मुळात लेनापे लोकांचं. केचमेचे नावाचा त्यांचा एक समूह इथे राहायचा. सतराव्या शतकात मेय नावाच्या डच कप्तानावरून त्याला नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाचे श्रीमंत लोक समुद्रस्नानासाठी इथे येऊ लागले. त्या काळची रंगीत लाकडी घरं आजही पाहायला मिळतात. १८५९ सालचं दीपगृहही उभं आहे. १९९ पायऱ्या आहेत. गुडघे शाबूत असतील तर जरूर चढा.

पक्ष्यांच्या अभ्यासात केप मे येतं ते १८११ साली. जॉर्ज ऑर्ड नावाच्या निसर्गअभ्यासकाने इथल्या दलदलीत एक छोटा पिवळा पक्षी मारला आणि आपल्या मित्राला, अलेक्झांडर विल्सनला, दिला. विल्सनने त्याचं वर्णन छापलं आणि नाव ठेवलं ‘केप मे वॉर्बलर’. गंमत अशी, की त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ तो पक्षी केप मेमध्ये कुणाला सापडल्याची नोंदच नाही. तो इथला नव्हताच. जाता जाता थांबलेला होता.

हा विल्सन मूळचा स्कॉटलंडचा विणकर. १७९४ साली जवळजवळ कफल्लक अवस्थेत अमेरिकेत आला, शाळामास्तर झाला आणि पुढे अमेरिकन पक्षिशास्त्राचा जनक म्हणून ओळखला गेला. त्याच्यामागून आलेला जॉन जेम्स ऑडुबॉन आजच्या हैतीमध्ये जन्मला आणि फ्रान्समध्ये वाढला. म्हणजे या देशातल्या पक्ष्यांची पहिली मोठी पुस्तकं बाहेरून आलेल्या माणसांनी लिहिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळी पक्षी ‘बघायचा’ म्हणजे मारायचा. चांगल्या दुर्बिणी नव्हत्या. पक्षी हातात घेतल्याशिवाय तो कोणता हे ठरवता येत नसे. त्यामुळे अभ्यासकाच्या खांद्यावरही बंदूकच असे.

टोप्या आणि ताटं

अभ्यासकांनी मारलेले पक्षी मोजकेच. खरी कत्तल दोन ठिकाणांसाठी झाली : बायकांच्या टोप्यांसाठी आणि शहरातल्या ताटांसाठी.

१८८६ साली फ्रँक चॅपमन नावाचा तरुण न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत फिरत बायकांच्या टोप्या मोजत होता. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसं होती. काहींवर तर आख्खे पक्षी बसवलेले होते. त्याने त्यातल्या चाळीस जाती ओळखल्या. बगळ्यांची विणीच्या हंगामातली पिसं तेव्हा सोन्याच्या तोलाने विकली जात. धंदेवाईक शिकारी बदकं, किनाऱ्यावरचे पाणपक्षी, कबुतरं पिंपांत भरून रेल्वेने शहरांत पाठवत. आकाश झाकून टाकणारे पॅसेंजर कबुतरांचे थवे याच धंद्यात संपले. त्या जातीतली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

याविरुद्ध बायकाही उठल्या. १८९६ साली बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी ओळखीच्या प्रतिष्ठित घरांत चहापानाच्या निमित्ताने पिसं न घालण्याची शपथ घ्यायला लावली. त्यातून मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. १९०० साली लेसी कायदा आला. त्याच वर्षीच्या नाताळात चॅपमनने सुचवलं, की सणाच्या दिवशी पक्षी मारण्याची स्पर्धा लावण्याऐवजी पक्षी मोजू या. पहिल्या वर्षी सत्तावीस जण आले. ती ख्रिसमस गणना आजही चालू आहे.

इथवरची गोष्ट बहुतेक माहितीफलकांवर असते. पुढची क्वचितच असते.

दोन निकाल, एक न्यायाधीश

पक्षी कमी होत आहेत हे दिसू लागल्यावर दोष कुणाचा हा प्रश्न आला. धंदेवाईक शिकारी, टोप्यांचे व्यापारी, क्लबातले श्रीमंत बंदूकबाज असे दोषी समोरच होते. पण बोट वळलं नुकत्याच जहाजातून उतरलेल्या इटालियन मजुरांकडे. हे लोक गावाकडच्या सवयीने छोटे पक्षी मारून खात, हे खरं होतं. ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे यांनी १९१३ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांच्यावर एक प्रकरणच लिहिलं. गाणारे पक्षी वाचवायचे तर या परक्यांच्या हातातून बंदूक काढून घ्या, असा त्यांचा सूर होता.

पेनसिल्व्हेनियाने हे आधीच केलं होतं. १९०९ साली तिथे कायदा झाला : ज्याला नागरिकत्व मिळालेलं नाही अशा परदेशी जन्मलेल्या रहिवाशाने रानटी पक्षी वा प्राणी मारायचा नाही, एवढंच नव्हे तर त्यासाठीची बंदूक घरात बाळगायचीही नाही. जोसेफ पॅटसोन नावाच्या इटालियन माणसाला या कायद्याखाली शिक्षा झाली. त्याचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९१४ साली निकाल लागला : कायदा वैध. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. ज्या वर्गाकडून उपद्रवाची भीती आहे असं विधिमंडळाला अनुभवाने वाटतं, त्या वर्गापुरता कायदा करायला हरकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मार्थाही त्याच वर्षी मेली. पॅसेंजर कबुतरं इटालियन मजुरांनी संपवली नव्हती. पण कायद्याच्या कचाट्यात ते सापडले.

पुढे दोनच वर्षांनी, १९१६ साली, अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांसाठी करार झाला. १९१८ साली त्याचा कायदा झाला. मिसुरी राज्य भांडायला उठलं : आमच्या हद्दीतले पक्षी आमचे, वॉशिंग्टनचा काय संबंध? १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीचा दावा फेटाळला. हेही निकालपत्र होम्स यांचंच. पक्षी कुणाच्या मालकीचा नाही, काल तो इथे आलेला नव्हता, उद्या दुसऱ्या राज्यात असेल, आठवड्याने हजार मैलांवर, अशा अर्थाचं त्यांनी त्यात लिहिलं. राज्याच्या सीमा न पाळणाऱ्या जिवाला संरक्षण देणं हे साऱ्या देशाचं काम आहे, ही भूमिका त्यात होती. आज या देशातला जवळजवळ प्रत्येक रानपक्षी त्या कायद्याच्या छत्राखाली आहे.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. एकाच न्यायाधीशाने सहा वर्षांत दोन्ही लिहिले. आज इथे उद्या तिथे असणारा पक्षी सगळ्यांचा ठरला. घर करून राहिलेला, खाणीत आणि गिरणीत राबणारा माणूस मात्र परका म्हणून संशयित ठरला. पक्ष्यांचा कायदा चांगला आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण चांगल्या कामाच्या पायातही अशी वीट असू शकते हे आपल्याला माहीत असावं, कारण आपल्यातले कितीतरी जण आजही ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत.

मला हे जवळचं वाटण्याचं एक छोटं कारण आहे. २००४ साली मी या देशात नवा होतो. एका रविवारी सकाळी घराजवळच्या तलावाकाठी दुर्बीण घेऊन बदकं पाहत उभा होतो. कुणीतरी फोन केला असावा. पोलिसांची गाडी आली. अधिकारी सभ्य होता. काय करता, कुठे राहता, ओळखपत्र आहे का, एवढंच त्याने विचारलं. मी पक्ष्यांचं पुस्तक उघडून दाखवलं, तो हसला आणि गेला. काहीच झालं नाही. पण त्यानंतर तीन वर्षं मी दुर्बीण कपाटातून काढली नाही.

ससाण्यांचा रस्ता

१९१८ च्या कायद्यात एक मोठी फट होती. शिकारी पक्षी, म्हणजे ससाणे, शिक्रे, घारी, त्यात नव्हते. ते इतर पक्षी खातात, कोंबड्या पळवतात, म्हणून ते ‘वाईट’. पेनसिल्व्हेनियाने तर १९२९ साली गॉसहॉक मारणाऱ्याला पाच डॉलर इनाम लावलं होतं. महामंदीच्या त्या वर्षांत पाच डॉलर म्हणजे थोडे नव्हते.

त्या राज्यातल्या एका डोंगररांगेवरून शरद ऋतूत हजारो ससाणे जातात. तिथे दर रविवारी बंदूकबाज जमत. मेलेल्या पक्ष्यांच्या रांगा मांडलेले फोटो रिचर्ड पाऊ या तरुणाने १९३२ साली काढले. ते न्यूयॉर्कच्या रोझली एज यांनी पाहिले. बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या. मोठ्या संस्थांना घाबरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. १९३४ साली त्यांनी तो १४०० एकर डोंगरच भाड्याने घेतला, मॉरिस ब्राऊन या अभ्यासकाला राखणीला नेमलं आणि बंदुकी बंद केल्या. फाटकावर ब्राऊन यांची पत्नी अर्मा उभी राहायची. हेच आजचं हॉक माउंटन.

केप मेमध्येही तेच चाललं होतं, फक्त डोंगराऐवजी रस्ता होता. आज ज्या सनसेट बुलेवार्डवरून तुम्ही सूर्यास्त बघायला जाता, त्या रस्त्यावर शरद ऋतूत सकाळी बंदुका घेऊन माणसं ओळीने उभी राहत. झाडांवरून आपल्या शिक्र्याचे अमेरिकन भाऊबंद, शार्प-शिन्ड हॉक, खाली उडत आले की बार उडत.

या सगळ्याचा साक्षीदार विटमर स्टोन. फिलाडेल्फियाच्या विज्ञान अकादमीतला हा अभ्यासक वर्षानुवर्षं केप मेला येत राहिला आणि नोंदी करत राहिला. त्या नोंदींचे दोन खंड १९३७ साली निघाले, ‘बर्ड स्टडीज ॲट ओल्ड केप मे’. दुसरा साक्षीदार रॉजर टोरी पीटरसन. वडील स्वीडनहून आणि आई जर्मनीहून लहानपणी इथे आलेले. आपल्या भाषेत सांगायचं तर हा मुलगा ‘सेकंड जनरेशन’. १९३४ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने पक्षी ओळखण्याचं एक छोटं पुस्तक काढलं. प्रत्येक पक्ष्याची दुरून दिसणारी खूण चित्रात बाण काढून दाखवलेली. पक्षी हातात घेण्याची गरजच उरली नाही. या देशात बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली त्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे.

पुढच्याच वर्षी पीटरसन केप मेमध्ये होता. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्याने एका सकाळचा हिशेब दिला आहे. सुमारे ८०० शार्प-शिन्ड रस्ता ओलांडायला आले. दुपारपर्यंत २५४ पक्षी रस्त्यावर पडलेले होते. त्याच संध्याकाळी तो गावातल्या एका घरी जेवायला बसला. सहा माणसांच्या त्या घरात वीस ससाणे भाजलेले होते. त्याने चव घेतली आणि चांगली लागली, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

या जेवणापाशी मी बराच वेळ थांबलो. पीटरसनने त्या घराला राक्षस ठरवलं नाही. मंदीचं वर्ष, खाणारी सहा तोंडं, आकाशातून फुकट येणारं मांस. आणि तरीही तो ते थांबवण्यासाठी आला होता. दुसऱ्याच्या ताटात बसून जेवायचं, त्याची अडचण समजून घ्यायची, आणि तरी ‘हे थांबलं पाहिजे’ असं म्हणायचं. हॉर्नडे यांना यातलं शेवटचंच जमलं. त्याच वर्षी, १९३५ साली, ऑडुबॉनवाल्यांनी केप मे पॉइंटला जागा भाड्याने घेऊन अभयारण्य केलं आणि राखणदार नेमला. राखणदाराने पक्षी मोजायलाही सुरुवात केली. ते आकडे पीटरसन आणि रॉबर्ट ॲलन यांनी १९३६ साली छापले. शिकारी पक्ष्यांना त्या केंद्रीय कायद्यात जागा मिळायला मात्र १९७२ साल उजाडलं, तेही मेक्सिकोबरोबरच्या करारातल्या दुरुस्तीमुळे.

न दिसणारी बंदूक

बंदुका थांबल्या तरी पक्षी कमीच होत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर डासांसाठी, शेतीसाठी डीडीटीची फवारणी सर्रास झाली. ते विष माशांत, माशांतून पक्ष्यांत साठलं. अंड्यांची कवचं पातळ झाली आणि उबवायला बसलेल्या आईच्या वजनानेच फुटू लागली. न्यू जर्सीत मासे पकडणाऱ्या घारीची, ऑस्प्रेची, जिथे पाचशेच्या आसपास घरटी होती तिथे १९७० च्या दशकात पन्नासच उरली. बाल्ड ईगलची १९७० साली संपूर्ण राज्यात एकच जोडी होती. बहिरी ससाणा मिसिसिपीच्या पूर्वेला घरटं करायचाच थांबला.

हे कळलं कसं? मोजणाऱ्या माणसांमुळे. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये हॉक माउंटनच्या नोंदींचा आधार घेतला : मोठे गरुड दिसतात, पण कोवळ्या वयाचे कमी होत चालले आहेत, म्हणजे पिल्लं होत नाहीत. थंडीवाऱ्यात डोंगरावर बसून वहीत आकडे लिहिणारा मॉरिस ब्राऊन पुरावा गोळा करत होता, हे त्याला सुरुवातीला कुठे माहीत होतं! १९७२ साली देशात डीडीटीवर बंदी आली. न्यू जर्सीच्या शास्त्रज्ञांनी चेसापीक उपसागराकडची ऑस्प्रेची चांगली अंडी आणून इथल्या घरट्यांत ठेवली. आज राज्यात ऑस्प्रेची सातशेहून अधिक आणि बाल्ड ईगलची दोनशेहून अधिक घरटी आहेत.

१९७६ साली केप मे शहराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी शरद ऋतूत केप मे पॉइंटला ससाण्यांची पद्धतशीर गणना सुरू झाली. पहिला गणनाकार पीट डन. तेव्हापासून दर वर्षी १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर रोज कुणीतरी तिथे बसून मोजतं. दीपगृहाजवळ लाकडी मचाण आहे. जवळच वाळूत १९४२ सालचा काँक्रीटचा बंकर पडून आहे. युद्धात इथून जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवली जात होती. ज्या क्षितिजाकडे लोकांनी एकदा शत्रू शोधला, तिथेच आता ससाणे शोधतात.

तुम्ही गेलात तर

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उत्तम. हवामानखात्याकडे लक्ष ठेवा : पाऊस येऊन गेला, थंडी पडली, वारा वायव्येचा झाला, की दुसऱ्या दिवशी पोहोचा. पहाटे हिग्बी बीचला जा. रात्रभर उडून आलेले छोटे पक्षी सूर्योदयाला झाडांवरून उलटे, उत्तरेकडे जाताना दिसतात; जास्त पुढे गेलेले रस्ता सुधारत असतात. दहानंतर मचाणावर या. प्रवेश मोफत आहे, कुणी ना कुणी जाणकार असतो, आणि फळ्यावर आदल्या दिवसापर्यंतचे आकडे असतात. परतीच्या वाटेवर अटलांटिक सिटीजवळ एडविन फोर्साइथ अभयारण्यात गाडीतूनच आठ मैलांचा फेरा करता येतो. आजीआजोबांना घेऊन जायला ते फार सोयीचं. भारतातून आलेल्या आईबाबांना मॉल आणि नायगारा दाखवून झाला असेल तर हे जरूर दाखवा. आमच्या सोबतच्या एका आजींना ऑस्प्रे पाहताच मालवणची खाडी आठवली. त्यांचं चुकलं नव्हतं. तीच जात हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरही येते, फक्त तिकडचे पक्षी वेगळ्या वाटेने येतात.

आणि सलीम अलींची आठवण निघणारच. मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन हा मुलगा ओळख पटवायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथून पक्ष्यांचाच झाला. बंदुकीपासून वहीपर्यंतचा जो प्रवास केप मेला शंभर-सव्वाशे वर्षं लागली, तो त्यांनी एका आयुष्यात केला.

मचाणावर दुसऱ्या दिवशी माझी मुलगी, वय तेरा, गणनाकार तरुणीशेजारी जाऊन बसली. तिने तिच्या हातात मोजणीचं छोटं यंत्र दिलं आणि सांगितलं, ‘शार्प-शिन्ड दिसला की एकदा दाब. खात्री नसेल तर दाबू नको.’ तासाभरात मुलीने एकतीस मोजले. येताना गाडीत ती म्हणाली, ‘बाबा, माझे एकतीस त्या फळ्यावर आहेत.’ मी विचार करत होतो, १९१४ साली माझ्यासारखा माणूस या किनाऱ्यावर उभा असता तर त्याच्याकडे कुणी कसं पाहिलं असतं. तिला त्याचं ओझं नको, पण तिला ते माहीत असावं. म्हणून पॅटसोनची गोष्ट मी तिला पार्कवेवर सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आणि नंतर त्याचं काय झालं?’ ते मला सांगता आलं नाही. निकालपत्रात माणसाचं तेवढंच असतं.

काम अजून संपलेलं नाही. २०१९ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतले जवळजवळ तीन अब्ज पक्षी कमी झाले. आता कारण बंदूक नाही. तुटलेले अधिवास, मोकाट मांजरं, काचेच्या इमारती, रात्रीचा झगझगाट. रात्री उडणारे पक्षी प्रखर उजेडाकडे ओढले जातात आणि तिथेच घिरट्या घालून दमतात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मृतीसाठी सोडलेले प्रकाशझोतसुद्धा पक्षी फार अडकले की थोडा वेळ बंद करतात.

आपली दिवाळी नेमकी याच दिवसांत येते. पणत्या लावा, आकाशकंदील लावा. त्यांच्या उजेडाने पक्ष्याची वाट चुकत नाही. लक्ष्मीपूजन आटोपलं, पाहुणे गेले, की अंगणातला आणि गॅरेजवरचा मोठा दिवा मात्र बंद करा. मग दोन मिनिटं अंगणात उभे राहा. वारा उत्तरेचा असेल आणि रस्ता शांत असेल, तर वरून बारीक आवाज ऐकू येतील. अंधारात एकमेकांना साद घालत निघालेले असतात ते.